खोटंच बाहेर बसणं

८ डिसेंबर १९८३

अजून नाही. दिवाळीच्या आधी बाहेर बसली होती, तेव्हापासून माझी चटई कोपऱ्यात गुंडाळून उभीच आहे. या घरात हे लपत नाही. दर महिन्याचे तीन दिवस मी त्या चटईवर आणि स्वैपाक सासूबाईंकडे, त्यामुळे माझा महिना त्यांना माझ्याआधी समजतो. आज पोळ्या करत होती तर मागून म्हणाल्या, "या खेपेले मले चुलीपाशी बसा नाई लागलं वं सुमन." मी म्हटलं, होईल एकदोन दिवसांत. त्या नुसत्या हसल्या.

हे १७ नोव्हेंबरला परत गेले सिरोंच्याला, पुलाच्या कामावर. दिवाळीत घर कसं भरल्यासारखं होतं. आता आम्ही दोघी आणि रेडिओ.

१० डिसें.

छाती दुखून राहिली. ऑफिसात टाइप करता करता डुलकी येते. साहेबांच्या पत्रात एकच ओळ दोनदा मारली.

खूश व्हायची हिंमतच होत नाही. दोन वर्षांमागे असंच लांबलं होतं. सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं. शेजारणी लोणची पाठवून राहिल्या होत्या. आणि एका दुपारी आलीच. सासूबाई रागावल्या नाहीत, बोलल्याच नाहीत कितीतरी दिवस. लोणच्याच्या बरण्या परत करायच्या की ठेवून घ्यायच्या, तेही कोणी सांगितलं नाही. मीच धुऊन एकेकीच्या दारात नेऊन दिल्या. ते परत नको. काहीही झालं तरी ते परत नको.

१२ डिसें.

कुंदाला सांगितलं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तीन पोरांची आई, तोंडाची फटकळ पण पोटात ठेवते. म्हणाली, कशाला जीव खाऊन राहिली, सीताबर्डीवर लघवी तपासून देतात, चल. बाटली सकाळी घरून नेता आली असती तर बरं. पण संडास अंगणात, आणि सासूबाई उजाडल्यापासून दारातच बसून असतात. हातात बाटली घेऊन त्यांच्यासमोरून कशी जाऊ? शेवटी ऑफिसातच जेवणाच्या सुट्टीत भरली. रुमालात गुंडाळून नेली. वाटेत ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मान खाली घालून चालली, चोरासारखी.

१३ डिसें.

निगेटिव्ह. तपासणीवाला चिठ्ठी देत म्हणाला, "मॅडम, कुछ नही है." कुछ नही. बरं झालं, घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग अजून येत का नाही?

१४ डिसें.

सासूबाईंनी संध्याकाळी पेलाभर दूध आणून हातात दिलं. विलायची घातलेलं, वर जरा साय. "घे, पेऊन घे. आन् ती बकेट उचलू नको." मी दूध प्यायली.

लग्नाला पाच वर्षं होत आली. या घरात मला कोणी काही आयतं हातात दिल्याचं आठवत नाही. इथे लिहून ठेवते, नाहीतर मलाच खोटं वाटेल.

१५ डिसें.

आज पण दूध. पाठीवरून हातही फिरवला. माझी आई गेली तेव्हा मी आठवीत होती, त्यानंतर असा हात... जाऊ दे. चिठ्ठीत 'नाही' आहे आणि मी दूध पिऊन राहिली. दूध चोरून पिणाऱ्या मांजरीची आणि माझी गत एकच.

१६ डिसें. शुक्र.

काल परत तपासणी, परत ऑफिसातूनच बाटली. चिठ्ठी आज संध्याकाळी हातात. निगे.

घरी आली तर सासूबाई ट्रंक उघडून बसल्या होत्या. जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे काढून ठेवलेले. म्हणाल्या, "शैली येऊन राहिली परवा. तिच्या हातानं झबली कापून घेतो. तिचा हात चांगला हाय." शैला म्हणजे माझी नणंद, कामठीची. तिला कळलं की सगळ्या कामठीला कळतं.

मी चहा ठेवायला आत गेली आणि स्टोव्ह पेटवायचंच विसरली.

१७ डिसें. शनि.

केलं. करून टाकलं.

अर्धा दिवस ऑफिस होतं. घरी आली, चप्पल काढली, आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हटलं, "आई, मी बाहेरची झाली." इतकं सहज निघालं तोंडातून की मीच दचकली. चटई उलगडली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

त्यांच्या हातात तांदूळ निवडायचं सूप होतं. ते खाली ठेवलं. "खरंच का वं?" म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी लुगड्याचे तुकडे घडी करून ट्रंकेत टाकले आणि झाकण लावलं. झाकण आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दोन चिठ्ठ्या म्हणतात नाही, मग नाहीच. आज ना उद्या येईलच. मी फक्त चार दिवस आधी सांगितलं, एवढंच.

१८ डिसें.

शैला येऊन गेली. दारातूनच मला चटईवर बघून, "अगं बाई, बसली का तू?" आणि मग आईकडे बघून हळूच, पण मला ऐकू जाईल असं, "आता दादा येईन तवाच काय ते." जेवण झाल्याबरोबर गेली.

ताट दुरून सरकवलं जातं. पाण्याचा पेला जमिनीवर ठेवून सासूबाई मागे होतात, मग मी उचलायचा. दर महिन्याला असंच असतं, मला कधी काही वाटलं नाही. उलट तीन दिवस पाठ टेकायला मिळते. आज मात्र त्या पेल्याकडे बघून रडू आलं. दूध अर्थातच बंद.

आणि आलेली तर नाहीच. स्वच्छ कपड्यावर बसून राहिली आहे, सोंग करत.

२० डिसें.

डोक्यावरून नाहली, घरात आली. चटई परत उभी. सासूबाईंनी नेहमीसारखी हाक मारली, "भाजी चिरून घे." इतकंच.

२७ डिसें.

ऑफिसात उलटी. कार्बन पेपरच्या वासानं! वर्षानुवर्षं तोच वास घेऊन राहिली आणि आज सहन होईना. कुंदानं डोकं धरलं. म्हणाली, "चिठ्ठी गेली चुलीत. माझ्या तीन बाळंतपणांवर तुझा विश्वास नाही का? डॉक्टरीणबाईंकडे चल."

मला अजून आलेली नाही, हे फक्त कुंदाला माहीत. घरच्या हिशेबानं तर मी आत्ताच होऊन गेली.

४ जानेवारी १९८४

डॉ. बाई प्रेमळ वाटल्या. तपासलं. म्हणाल्या, मला तर दिवस गेल्यासारखं वाटतंय, पण नक्की आत्ताच म्हणत नाही, कधी कधी काळजीनंही लांबतं. तपासणीचं विचारलं. लघवी सकाळची पहिली होती का? मी म्हटलं, दुपारची, आणि ऑफिसात दिवसभर पाणी पिते. त्या चक्क हसल्या. "अहो, मग ती पातळ झाली. पहिलीच आणायची असते, कोणी सांगितलं नाही?" कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, रुमालात गुंडाळून पळून आली दोन्ही वेळेस.

मग विचारलं, शेवटची कधी? मी म्हटलं, ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या आधी. त्यांनी लिहून घेतलं. त्या लिहीत होत्या आणि मी मनात तारखा मोजत होती.

घरी शेवटची १७ डिसेंबरला आहे. सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं, शैलानं पाहिलं. आणि हे तर १७ नोव्हेंबरलाच गेले. त्यानंतर एकदाही घरी आलेले नाहीत.

देवा, मी हे काय करून बसली?

६ जाने.

ह्यांचं पत्र. सुट्टी नाही, स्लॅब पडेपर्यंत हलता येत नाही, शिवरात्रीच्या सुमारास बघू. तोवर तर सगळ्यांना दिसायला लागेल.

कुंदाकडे उपाय तयार. "दोन दिवस तूच जाऊन ये सिरोंच्याला. परत आल्यावर महिनाभरानं सांग. लवकर झालं म्हणायचं, किती पोरं होतात सातव्या महिन्यात." एसटी कुठून सुटते तेही चौकशी करून आली. काळजीनंच करते बिचारी. पण मी तिच्यावर खेकसली. एक खोटं झाकायला जन्माला येणाऱ्या पोराचं वयच खोटं सांगायचं? दर वाढदिवसाला खरं वय आम्हा दोघींनाच माहीत असणार, मला आणि कुंदाला.

तरी घरी आल्यावर ट्रंकेतून लहान बॅग काढून पाहिली. परत ठेवली.

९ जाने.

ह्यांना लिहायला बसली. "मी कोपऱ्यात खोटीच बसली होती" हे कसं लिहायचं? ते मानतील माझं, असं वाटतं. वाटतं. पण एकटे आहेत तिकडे, आणि शैला मधेमधे दादाला लिहीत असते. फाडून टाकलं.

सासूबाई अलीकडे माझ्याकडे बघतात आणि नजर काढून घेतात. आज दोनदा पाणी मागितलं आणि मी उठायच्या आधी स्वतःच घेतलं. कळलं असेल का? काय कळलं असेल? आणि समजा पोटात काहीच नसलं तर? मग सांगूनही फुकटची फजिती, परत दोन वर्षांमागचंच.

दोन माणसांच्या घरात इतकं एकटं कसं काय वाटतं?

१४ जाने. संक्रांत

गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. तिळगूळ, वाण, बोलणी. एकीनं विचारलंच, "सूनबाईचं काही?" सासूबाई पटकन म्हणाल्या, "नाई जी. पोरगा राह्यते तिकडं, ही राह्यते इकडं. होईन कसं?" सगळ्या हसल्या. मी तबक घेऊन तिथेच उभी.

बायका गेल्यावर त्या पायरीवर बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसली आणि सांगून टाकलं. तोंडात तिळगूळ होता, तो गिळायचंही सुधरलं नाही. म्हटलं, आई, डिसेंबरात मी खोटीच बसली होती. आली नव्हतीच. दिवाळीपासूनच आली नाही.

त्यांनी हातातला तिळगूळ वाटीत परत ठेवला. मग म्हणाल्या, "काहून?"

तपासणी, चिठ्ठ्या, सगळं सांगितलं. तरी परत, "ते समजलं. पण खोटी काहून बसली?" तेव्हा मला रडू फुटलं. म्हटलं, तुम्ही शैलाताईला सांगणार होत्या. आणि नसतं निघालं तर तुम्ही परत बोलणं बंद केलं असतं माझ्याशी.

त्यांनी पदर नीट केला. "देवाघरची गोष्ट अशी खोटी करतेत का वं?" एवढं म्हणून आत गेल्या. देवापाशी बसल्या. बाहेर आल्यावर मी जेवायला वाढलं तर ताट घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पंचायत ही की, मी खरं बोलून राहिली हे त्यांनी कशावरून मानायचं? खोटं किती सहज बोलते, ते मीच त्यांना दाखवलं.

१६ जाने. सोम.

आज बाटली नेली. सकाळची पहिली. सासूबाई दारातच होत्या. लपवली नाही, हातातच होती. त्यांनी पाय आवरून वाट दिली. चिठ्ठी उद्या मिळेल.

संध्याकाळी आली तर त्या घरात नव्हत्या, देवळात गेल्या असाव्यात. माझ्या चटईच्या कोपऱ्यात पेला होता. दूध. वर वाटी झाकलेली. विलायचीचा वास आला. पण जमिनीवर ठेवलेला, भिंतीशी सरकवून, बाहेर बसलेलीला ठेवतात तसा.

मला कळेना, हे घे म्हणून आहे की दूर राहा म्हणून. त्या येईपर्यंत थांबावं, विचारावं, असं पण वाटलं. मग तिथेच जमिनीवर बसली आणि प्यायली. पेला धुतला आणि त्यांच्या हाताला लागेल असा ओट्यावर ठेवला.

अजून आल्या नाहीत.