दुसऱ्या पायावरचा बाण

तीर्थरूप ताईस,

बबनचा साष्टांग नमस्कार (दवाखान्याच्या खाटेवर झोपूनच घालतो आहे, उठायची मनाई आहे). हिंगणीला सगळे बरे ना? तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र तिकडेच निघालेल्या लक्ष्मणरावांच्या हाती पाठवतो.

मंगळवारचं ऑपरेशन झालं नाही, हे तुझ्या भावजयीनं, कांतानं, कळवलं असेलच, आणि तिखटमीठ लावून कळवलं असेल. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो आणि नालवाडीत आपल्याच ओट्यावरून पडून घोटा मोडला, ते जाऊ दे. डॉक्टर पौर्णिमाबाई मोठ्या गुणाच्या. शेजारी बसून सगळं समजावलं. बाहेरच्या घोट्याच्या पुढून एक बारीक नस कातडीखालूनच जाते, ती दुखावली तर पाऊल वरून बधिर राहतं. आतल्या घोट्यामागे रक्तवाहिनी आणि तिला खेटून तळव्याची नस. (पाण्याचा पाइप आणि केबल एकाच नालीत. आमच्या खात्यानं याला मंजुरी दिली नसती.) मग पट्टी सारून त्यांनी पावलावरची नाडी चाचपली आणि मोडक्या पायाच्या नडगीवर पेनानं बाण काढला, ऑपरेशन याच पायाचं ही खूण म्हणून.

संध्याकाळी भेटायला अर्धी नालवाडी आली. मोडका पाय बांधलेला, मग नसा दाखवू कशावर? चांगल्या पायावर रेघा ओढल्या, लाल रक्ताच्या, निळ्या नसांच्या. आमच्या खात्यातले बाबाराव म्हणाले, "फिक्कं दिसून राह्यलं बबनभाऊ, गडद करा." खोदण्याआधी केबलची खूण दुसऱ्यानं गडद करायची, हा आमचा जुना रिवाज, म्हणून त्यांनीच मार्कर चालवला. त्या गडबडीत एक बाणही निघाला.

मंगळवारी सकाळी ऑपरेशनच्या दारात सिस्टरनं चादर उचलली, तर दोन्ही पायांवर बाण. मला आल्या पावली, म्हणजे आल्या चाकांवर, परत धाडलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, फक्त मार्कर मागून घेतला. आता शुक्रवारी ठरलंय. बाकी मी मजेत आहे.

तुझा,
बबन

ता. क. कांता तुला ये म्हणेल. तिचं ऐकू नको. सोयाबीन कापणीला आलेलं असताना कशाला यायचं.

आणखी एक. तो बाण गडबडीत निघाला नाही. सगळे गेल्यावर मीच काढला, ऑपरेशन पुढं ढकललं जावं म्हणून. पाऊल बधिर राहिलं तर, ही भीती होती, आणि "येऊ नको" असं तुला मीच सांगून बसलो होतो. ऑपरेशननंतर कुणीतरी पावलाला हात लावून विचारणार, समजतं का म्हणून. लहानपणी या पावलातले काटे तूच काढलेस, तुझा हात मला लगेच समजेल. कापणी राहू दे. गुरुवारीच येजो.