ताईचं नाव घेऊ नकोस

प्रिय चिमणे,

तुला उद्या घरी सोडणार, हे मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी आत्ताच फोनवर पक्कं केलं. राहायचं मात्र दादा-वहिनीकडे. औषधांचं कपाट कुलूपबंद, आणि किल्ली वहिनीजवळ. माझ्याजवळ नाही.

तुला तातडीच्या विभागात आणलं, तेव्हा पडद्याबाहेरच्या बाकावर बाईंनी मला विचारलं होतं, पुन्हा जीव नकोसा झाला तर ही कोणाला सांगेल? मी ताडकन म्हटलं, मला. आणखी कोणाला? तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझ्यासाठी शाळेत जाऊन भांडले ती मी. बाई आत गेल्या, तुझ्याशी बोलून परत आल्या आणि म्हणाल्या, "ती वहिनीचं नाव घेतेय."

तू वाचलीस हा आनंद बाजूलाच राहिला आणि मी वहिनीवर जळत बसले. घरात येऊन दोन वर्षं झाली नाहीत तिला. चहा धड जमत नाही. दादाच म्हणतो, पिवळं पाणी आहे, चहा समजून प्या. आणि तू तिच्यापाशी मन मोकळं करतेस. का, तर म्हणे ती नुसती शेजारी बसते, मध्ये बोलत नाही. गप्प बसणं ही काय कला झाली, असं मी दादाला विचारलं. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

मग मी बाईंना लेखी हमी देऊ केली, की ही पुन्हा असं करणार नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, अशी हमी आम्हालाही देता येत नाही; प्रश्नावलीतल्या गुणांची बेरीज करून हे कळत नाही. म्हणूनच त्या पुन्हा पुन्हा तेच विचारतात: त्रास कशाने वाढतो, जवळ कोण असतं, पहिला फोन कोणाला.

आज दुपारी वहिनी आणि मी, आम्हा दोघींसमोर त्यांनी तुला तेच विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "ताईला." त्यांनी माझा नंबर घेतला. मी वहिनीकडे असं काही पाहिलं, की ती बिचारी पाण्याची बाटली भरायला उठून गेली.

घरी येताना बसमध्ये उमगलं, तू माझं मन राखलंस. तसा क्षण आलाच, तर तू मला फोन करणार नाहीस. आणि तिला करायचा, तर ताईला काय वाटेल म्हणून थांबशील. ते थांबणं मला नको आहे.

म्हणून हे पत्र. समोर बसून हे माझ्या तोंडून निघालं नसतं. वहिनीच्याच हाती पाठवतेय, पाकीट नीट चिकटवून. उद्या सोडण्याआधी बाई पुन्हा विचारतील. मी तिथेच असेन आणि माझं तोंड वाकडं होईल, ते काही माझ्याच्याने आवरणार नाही. तू माझ्याकडे बघू नकोस. वहिनीचं नाव सांग.

जळकुटी, तरी तुझीच,
ताई