उन्हात ठेवलेले सेल

कोपरी, ठाणे पूर्व
मंगळवार, ७ डिसेंबर १९९९

चि. धाकूस तुझ्या आईचा आशीर्वाद.

तुझं ते यंत्र कोरं झालंय. साबणाच्या वडीएवढी पाटी, तिच्यात आजीची लग्नात म्हणायची गाणी, सगळे धवले, घालून पाठवलीस आणि वर निरोप दिलास, आई, आता काळजी नाही. चार दिवस झाले, बटण दाबलं की इंग्रजीत काहीतरी विचारतं आणि गप्प बसतं. वागळे इस्टेटमध्ये बसून परदेशी लोकांची जाडजूड पुस्तकं अशाच यंत्रांत घालून खिशात मावतील अशी करता ना तुम्ही? मग घरच्या म्हातारीची गाणी कशी टिकत नाहीत? तीनदा फोन केला, तीनदा कोणीतरी म्हणालं, तो कामात आहे. तिकडच्या कोपर स्टेशनवरून गाडीने येऊन रोज ठाण्याला उतरतोस, पण पुलाच्या या बाजूला यायला तुझे पाय दुखतात.

इकडे ठीक आहे. भगवानकाकाने होडी विकली. सखुबाईचा गुडघा सुजलाय, तोंड चालू आहे.

काळुरामच्या रंभाचं लग्न १९ तारखेला. काळुराम स्वतः सांगायला आलेला. म्हणाला, "शेवंतीवहिनी, चुलीच्या पूजेपासून मांडवापर्यंत धवला तूच म्हणायचास. आवडाबाईची सून तू." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणू? आजी गेल्यावर तीन लग्नं मी लावली. पदराखाली यंत्र धरून लावली, हे तुला ठाऊक, दुसऱ्या कोणाला नाही. मी तिसरी शिकलेली, बोट लावून वाचणारी, म्हणून तू एका वेळी चारच ओळी ठेवल्यास, मोठ्या अक्षरांत. मराठी अक्षरं त्यात बसेनात तर एकेक पान चित्रासारखं करून घातलंस. किती रविवार गेले तुझे. मी म्हणत होते, हा काय रिकामा उद्योग.

आता ऐक. यंत्र आपोआप कोरं झालं नाही.

लग्नात मधेच बंद पडू नये म्हणून मी त्याचे दोन्ही सेल काढले आणि सुकत घातलेल्या जवळ्याशेजारी पत्र्यावर उन्हात ठेवले. होडीवरच्या बॅटरीचे सेल तुझे बाबा असेच तापवायचे, मग चार दिवस जास्त चालायचे. संध्याकाळी परत घातले. तू निरोपात सांगितलेलंस, जुने काढलेस की लगेच नवे घाल, मिनिटभरसुद्धा रिकामं ठेवू नकोस, आतलं पुसलं जाईल. मला वाटलं, दुकानदारासारखं बोलतोय.

तू म्हणशील, आजी म्हणत होती तेव्हा लिहून घेतलेले कागद आहेत ना. नाहीत. यंत्रात सगळं आलंय म्हटल्यावर कपाटात कशाला जागा अडवायची? बाजारात सुके बोंबील बांधून दिले त्यात. शेवटचा कागद शालनच्या पिशवीत गेला. परवा तिच्या घरी जाऊन विचारलं. ती हसली. "अगं, बोंबलाचा कागद कोण ठेवतं?"

आजी वीस वर्षं म्हणत होती, बस माझ्याजवळ, शीक. मी मासळीची पाटी उचलून बाजारात जायची. तू बसायचास. आणि आजीच्या बाराव्याला तू हळू आवाजात पहिल्या दोन ओळी म्हटल्यास, मला चाल कळावी म्हणून, तेव्हा सगळ्या बायकांसमोर मी काय बोलले ते तुझ्याही लक्षात आहे. साडी नेस आणि मांडवात बस. बायका हसल्या, मीही हसले. तू ताटावरून उठलास तो घरी आला नाहीस. यंत्र दिलंस तेही तुझ्या दोस्ताच्या, सखारामच्या हातून.

ते मी बोलायला नको होतं. तुला येत होतं आणि मला येत नव्हतं, त्याचा राग होता.

काल एकटीच म्हणायला बसले. हळदीच्या चार ओळी आल्या, पाचवी येत नाही. जात्यावर बसले, पाण्याला गेले, तरी येत नाही. मी नाही म्हणाले तर काळुराम दुसरी आणेल, तिचे धवले वेगळे. मग आजीचे कोण म्हणणार? म्हातारी मेली तेव्हा मी रडले नव्हते.

तुझ्या कचेरीतल्या मशीनमध्ये ते अजून असतील तर घेऊन ये. पुसले असतील तरी ये. तुला पाठ आहेत. मागच्या दाराने ये, मी दार लावून घेईन, तू म्हण, मी मागून म्हणेन. बाहेर ऐकू गेलं तर जाऊ दे.

येत्या मंगळवारपर्यंत वाट बघते, १४ तारीख. त्या संध्याकाळी काळुरामला सांगावं लागेल, मला येतं की नाही. हो की नाही, ते तू येऊन कळव.

पाचव्या ओळीला अडलेली,
तुझी आई शेवंती