विरोधात एकही मत नाही

३ नोव्हेंबर, रविवार
कुठल्याशा महिला संघटनेच्या पोरींनी इंटरनेटवर तक्ता टाकलाय. बायका-मुलींच्या कायद्यांवर कोणत्या खासदारानं काय मत दिलं, त्याचा. माझ्या नावापुढे सगळीकडे 'गैरहजर'. माझा सेक्रेटरी लुअय तोंड पाडून दाखवायला आला. मी म्हटलं, नीट वाच, विरोधात एकही मत नाही. तो म्हणाला, बाजूनंही नाही. पोरगा हुशार आहे, पण राजकारण कळत नाही.

वास्तविक प्रत्येक वेळी कारण सबळ होतं. घरातल्या मारहाणीच्या कायद्याच्या वेळी मी कॉरिडॉरमध्ये फोनवर होतो. बलात्काऱ्यानं त्याच मुलीशी लग्न केलं की खटला बंद, ते कलम काढलं त्या दिवशी पोट बिघडलेलं. नोकरीतल्या छळाच्या वेळी कँटीनचं मसूर सूप इतकं गरम होतं की संपता संपेना.

ठराव: निवडणुकीआधी प्रतिमा सुधारणे. शिलाई मशिनं वाटणे. बायकांबरोबर फोटो, बेताच्या अंतरावरून.

६ नोव्हेंबर, बुधवार
लेकीचा फोन. खिताम घटस्फोट झाल्यापासून फारच काळजी करते. तिची सिवार पंधरा वर्षांची आहे, आईकडे राहते, पण लग्न ठरवायचा हक्क बापाचा. बाप म्हणजे मुनीफ, माझा माजी जावई. त्याच्या घरी म्हणे अनोळखी बायका येताहेत. गेल्या शुक्रवारी सिवार तिकडे गेली होती तेव्हा एकीनं तिला उभी करून उंची पाहिली, दात पाहिले.

मी म्हटलं, दात चांगले आहेत पोरीचे, बघू देत. खितामनं फोन ठेवला.

१० नोव्हेंबर, रविवार
मोठी बातमी. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न न्यायाधीशाच्या परवानगीनं लावता येतं, ते अपवादाचं कलम काढायचं विधेयक येतंय. डॉ. अबला यांनी आणलंय. बाई कर्कश आहेत, पण अभ्यास आहे. मतदान २१ तारखेला, गुरुवारी.

खिताम स्वतः घरी आली. चहाला शिवली नाही. म्हणाली, "बाबा, हे पास झालं तर मुनीफच्या हातात काही उरत नाही. नाही झालं तर सिवार गेली. मला दुसरं काही नको, तुमचं मत द्या." मी वचन दिलं. पक्कं. मनापासून. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, इतकं छान वाटलं.

ठराव: २१ ला सकाळपासून खुर्चीत. सूप बंद.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
हाज्ज मफलह आले होते. रस्त्यांचे कंत्राटदार. करकच्या दक्षिणेची सगळी मतं त्यांच्या खिशात. पुतण्यासाठी मुलगी मागायला जाहा, म्हणजे मानकऱ्यांची फौज, न्यायची आहे आणि पुढारी म्हणून मीच हवा. मी नको नको म्हणून पाहिलं, बेताचंच. पुतण्या चौतिशीचा, टायरचं दुकान, पहिली बायको माहेरी गेलेली. जाहा २१ ला, दुपारच्या नमाजानंतर.

तारीख तीच, हे लक्षात आलं. पण मतदान सकाळी, जाहा दुपारी. मधे अम्मान ते करक, गाडी वेगात. मी गणित चांगलं करतो.

उम्म सख्रनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, विचारलं की मुलगी कुणाची. त्या दक्षिणेकडच्या मोठ्या घराण्यातली, म्हटलं. "नाव तरी विचारलंत का?" मुलीचं नाव चारचौघांत घ्यायची आपल्यात पद्धत नाही, आमंत्रणपत्रिकेवरसुद्धा 'अमक्याची कन्या' एवढंच असतं, हे हिला चाळीस वर्षांनी सांगावं लागतं. अमका कोण, तेही विचारलं नव्हतं. ते घराण्याचे प्रमुख, शेख, बघतील.

मुनीफचंही तेच घराणं. पण त्या घराण्यात घरं काही कमी नाहीत.

१८ नोव्हेंबर, सोमवार
सिवार शुक्रवारी बापाकडे गेली ती परत आलीच नाही. मुनीफ म्हणतो, पाहुणे यायचे आहेत, आठवडाभर राहू दे. पोलीस म्हणाले, बापाकडेच आहे ना, मग कसली तक्रार. खितामचे दिवसभर फोन. मी जाहाचं भाषण पाठ करत होतो, म्हणून लुअयला घ्यायला सांगितले. तिला निरोप दिला की गुरुवारी सगळं ठीक होईल.

भाषण अप्रतिम झालंय. दोन ठिकाणी लोक 'माशाल्ला' म्हणतील.

२१ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ
खुर्चीत आहे. सर्वांत आधी आलो. टीव्हीवाल्यांनी दोनदा कॅमेरा फिरवला. डॉ. अबला येऊन म्हणाल्या, तुमच्यावर भिस्त आहे. मी छातीवर हात ठेवला.

त्याच दिवशी, भर दुपारी, गाडीत
भाषणं संपेनात. माझा दोष नाही. जो तो आपापल्या आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं ते सांगत होता. मफलहचे फोनवर फोन, गाड्या थांबल्यात, माजी मंत्री येऊन बसलेत. शेवटी उठलो. डॉ. अबला दारापर्यंत मागे आल्या. त्यांना म्हटलं, माझा पाठिंबा धरूनच चाला. त्या पाठ फिरवून आत गेल्या. मला ते आवडलं नाही.

मदाबा मागे पडल्यावर रेडिओवर ऐकलं. विधेयक एका मतानं पडलं. गैरहजर पुष्कळ होते. ते एक मत माझंच कशावरून?

खितामचा फोन येतोय. सायलेंट केला. भाषण विसरेन.

त्याच दिवशी, रात्री
नीट लिहून काढतो, म्हणजे बरं वाटेल.

दिवाणखाना खचाखच भरला होता. माझ्यापुढे कॉफीचा कप ठेवला. मी तो न उचलता भाषण केलं, आमची मागणी पुरी होईतो तुमची कॉफी घेणार नाही, वगैरे. 'माशाल्ला' दोनदा आलं, मी धरलं होतं तिथंच. मग घराण्याचे शेख उठले, मुलीच्या बापाला त्यांनी हाताला धरून पुढं आणलं. मुनीफ होता.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं काम असेल म्हणून आलाय.

शेख हसून म्हणाले, "मुलीचे आजोबाच मागायला आले, आता आम्ही नाही कसं म्हणायचं? घ्या अबू सख्र, कॉफी घ्या." सगळे हसले. मफलहही हसले, माझ्याकडे न बघता. म्हणजे त्यांना माहीत होतं. मलाच का निवडलं, ते तेव्हा कळलं.

कप न उचलता उठलो असतो तर सोयरीक तिथंच मोडली असती. तशी रीत आहे. पण मी प्यायल्याशिवाय कुणालाच पिता येत नाही. एवढी माणसं खोळंबलेली, माजी मंत्री मधुमेही. मी प्यायलो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
शांतपणे विचार केला. काहीच बिघडलेलं नाही. न्यायाधीशाची परवानगी लागते आणि न्यायाधीश माझ्या ओळखीचे. त्यांच्या भाच्याला मीच नोकरी लावली. अपवादाचं कलम राहिलं हे एका अर्थी बरंच झालं. अपवाद नाकारतासुद्धा येतो.

उम्म सख्रनं रात्रीच अंथरूण खितामच्या घरी हलवलं. ठराव: न्याहारी स्वतः करणे.

२४ नोव्हेंबर, रविवार
न्यायाधीश फार अदबीनं वागले. म्हणाले, परवानगी देताना आम्ही मुलीचं हित बघतो आणि घरची संमती बघतो. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. माझ्याच पेजवरचा व्हिडिओ. लुअयनं टाकलेला, गाणं लावून. त्यात मी मुलीच्या शीलाची, घराण्याची आणि या स्थळाची पंचवीस शब्दांत जी स्तुती केलीय ती खरोखर छान आहे.

मी म्हटलं, मुलगी कोण ते मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "खासदारसाहेब, हे लिहून देता? मुलगी कुणाची तेही न विचारता गेलो, असं?" निवडणूक जवळ आहे. लिहून दिलं नाही.

परवानगी झाली.

५ डिसेंबर, गुरुवार
आज निकाह. जाणार नव्हतो. मफलहनी गाडी पाठवली, मग परत कशी पाठवायची.

सिवार आतल्या खोलीत एकटी बसली होती. कुणीतरी तिला मोठ्या बाईसारखं रंगवलं होतं. आजोबा, म्हणून उठली. त्या दिवशी ती टीव्हीवर मतदान बघत होती म्हणे, बाहेर पाहुण्यांसाठी मटण शिजत होतं. काकूला तिनं सांगितलं होतं, आता माझे आजोबा हात वर करतील बघा. कॅमेरा फिरला की मला शोधायची.

मी म्हटलं, बाळ, मला महत्त्वाचं काम निघालं.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच कामाला आला होतात."

तेवढ्यात बाहेरून साक्षीदारांना हाक आली. मी जाऊन सही केली.