बारा चात्यांवरचे लक्ष

सर, या लिखाणातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: दवाखान्यातल्या संगणकावर माझ्या शेजारी बसणारी कबनूरची बाई माझ्यापेक्षा बुद्धिमान नव्हती. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते, हे मी नाकारत नाही. गुण हे कार्य आहे. त्याचे कारण बुद्धीच असले पाहिजे, असे नाही. एवढ्यावर तुम्ही समाधान मानले नसतेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या रक्तातला विषाणू तुम्हाला ठाऊक होता. नव्वदच्या दशकात तो अहवाल खिशात घालून मी प्रथम तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून घेवड्याच्या शिरा काढत होता. मी सांगितले, तुमचे हात थांबले नाहीत. अर्धा घेवडा माझ्यापुढे सारून तुम्ही म्हणालात, "हे काढ. आणि ही गोष्ट कोणाला सांगायची, ते तू ठरवायचे. दुसऱ्या कोणी नाही." विषाणू कसा आला, हे तुम्ही विचारले नाहीत, म्हणून इथेही लिहीत नाही. तुम्ही जाईपर्यंत तुमच्या घरातही ती गोष्ट कोणाला कळली नव्हती. मी वर्षभरात जाईन, असा तेव्हा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात तुम्ही आधी गेलात आणि मी गोळ्यांच्या आधाराने साठी ओलांडली.

मग स्मरण दगा देऊ लागले. तर्कशास्त्राच्या शिकवणीत निष्कर्षापर्यंत यावे आणि प्रतिज्ञा काय केली होती तेच आठवू नये, असे दोनदा झाले. डॉक्टर म्हणाले, वय आणि हा आजार दोन्ही मिळून लक्ष मंद करतात. पन्नाशीपुढच्या रुग्णांसाठी संगणकावरचा मेंदूचा व्यायाम सुरू केला आहे, मंगळवारी येत जा. माझ्याकडे बुद्धीवाचून दुसरे काही उरले नव्हते. मी गेलो.

त्या खोलीत जायचे ते दवाखान्याच्या मागच्या दाराने. या आजाराचे रुग्ण तेवढे त्या दाराने जात. पडद्याच्या मध्यभागी क्षणभर एक गाडी चमकते, त्याच क्षणी कडेला कोठेतरी एक खूण. दोन्ही नाहीशा होतात. गाडी कोणती आणि खूण कोठे, हे सांगायचे. उत्तर बरोबर आले की पुढची चमक आणखी तोकडी होते. मला गाडी दर वेळी अचूक दिसे, खूण कधीच दिसत नसे. शेजारची बाई, पंचावन्नची, चौथीपर्यंत शिकलेली, बांगड्या वाजवत दोन्ही सांगत सुटे. प्रशिक्षण देणारी मुलगी मला म्हणाली, "सर, मावशींसारखं सैल बसा ना जरा." सर, तुम्ही वर्गात एकदाच दुसऱ्या कोणाच्या उत्तराला 'वा' म्हणाला होता. ते मी चाळीस वर्षे विसरलो नाही. या मुलीने त्या बाईला एका तासात तीनदा 'वा' म्हटले.

"गुर्जी, तुमी मदल्या गाडीलाच डोळं लावून बसताय की," बाई म्हणाली. "कडंचं बघायचं न्हाई. दिसू द्यायचं."

"न बघता दिसत नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हावा बसून गाडीतच!" आणि ती हसली. मुलगीही हसली.

त्या हसण्याचे कारण शोधणे मला आवश्यक वाटले. ती कबनूरला एका मागाच्या कारखान्यात कांड्या भरते, एवढे तिच्याच बोलण्यात आले होते. कारखाना कोणाचा, हेही तिनेच सांगितले होते. एका गुरुवारी मी बसने तेथे गेलो. तिची दुपारची पाळी सुरू व्हायची होती. दुसऱ्या बायका मशीनपुढे उभ्या आहेत. एकीपुढे बारा चात्या फिरताहेत, बारा कांड्यांवर सूत चढते आहे. ती एका कांडीकडे पाहते आहे आणि तिसऱ्या कांडीचा धागा तुटताच हात तिकडे गेलेला आहे. मला हवे ते कारण सापडले. ही बुद्धी नव्हे, वर्षानुवर्षांची सवय. मी आनंदलो होतो, हे लपवत नाही.

मुकादम जवळ आला. "काय पावणं, कुणाकडं?"

मी तिच्याविषयी विचारले. किती वर्षे काम करते, कामात कशी आहे.

"एक नंबर हाय बाई. मंगळवारी तेवढी येत न्हाई. गुडघ्याच्या इंजिक्शनाला जाती कोल्हापूरला."

येथे मला गप्प बसता आले असते. परंतु असत्य विधान समोर आले आणि मी ते दुरुस्त केले. "गुडघ्यांचा संबंध नाही," मी म्हणालो. "आम्ही तेथे संगणकावर बसतो."

"संगणकावर? दवाखान्यात?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मागल्या दारानं जाताय व्हय? माझा मेव्हणा बी त्या संगणकावर बसायला त्याच दारानं जायचा."

त्याने एक पाऊल मागे घेतले. अनुमान कसे करावे हे मी तीस वर्षे शिकवले. त्याला ते शिकवावे लागले नाही.

तीन मंगळवार तिची खुर्ची रिकामी होती. त्या तीन आठवड्यांत माझे गुण वाढले. मुलगी मला 'वा' म्हणाली आणि ते मला गोड लागले. चौथ्या मंगळवारी बाई आली. बांगड्या त्याच होत्या, पण वाजत नव्हत्या.

"काढलं कामावरनं," तिने सांगितले. "बायकांनी माझा डबा उचलून भाईर ठेवला. कोन तर पावणं आलतं म्हनं चवकशीला. शिकलेलं. तुमच्यावानीच बोलत हुतं म्हनं." मग तीच म्हणाली, "पर तुमी कशाला याल म्हना कबनूरला! गुर्जी, मालकाला एक अर्ज लिवून द्या की. तुमचं लिवनं वजनदार."

मी अर्ज लिहून दिला. पाच परिच्छेद, एकही शब्द अधिक नाही. हा आजार स्पर्शाने, डब्याने, सुताने पसरत नाही, हे त्यात निर्विवाद सिद्ध केले आहे. तिने तो घडी घालून पोलक्यात ठेवला, पडद्यापुढे बसली आणि तीन आठवड्यांच्या खंडानंतरही पहिल्याच फेरीत माझ्या पुढे गेली. माझ्या छातीत जे उठले ते पश्चात्तापाचे नव्हते, सर. मालकाने तिला परत घेतलेले नाही. ती आता घरी शेंगा फोडते, आणि मंगळवारी येते.

सवय आणि बुद्धी यांतला भेद मी वर दाखवला आहे आणि त्यावर अजून ठाम आहे. मात्र चूक एक झाली, ती लिहून देतो. कबनूरला आलेला तो पाहुणा मी होतो. हे त्या बाईला सांगायचे होते. मी ते तुम्हाला सांगितले, कारण तुम्ही आता मला काही म्हणू शकत नाही.

— तुमचा विद्यार्थी