राजाची उडी

सेलू, शनिवार, बहमन महिना, १३५० फसली

बुद्धिबळाच्या सामन्याला विलायती कायदा होता. मला ठाऊक होतं. प्यादं दोन घरं टाकून सुरुवातही तशीच केली. पण सातव्या चालीला सवयीनं हात गेला आणि राजाला घोड्याची उडी दिली. घरच्या खेळात ती एकदा चालते, इथं चालत नाही. समोर थोरले दादाच होते. उडी मला त्यांनीच शिकवलेली. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बघायलास काय? चाल माझी हाय."

पंचांच्या ध्यानात आलं नाही. डाव उद्यावर गेला, आणि मी वरचढ आहे.

आत्ता उडीच्या आधीचा पट मांडला. उडी नसती तर दोन चालींत माझ्यावर मात होती. ती उडी दादांना दिसली नसेल? मग चष्मा का पुसत बसले?

उद्या पंचांना सांगावं तर दादांनी दिलेलं परत केल्यासारखं होईल. आणि मला तर त्यांना एकदा खरंच हरवायचं होतं.