साडेपाचची घंटा

मिस्साहेब, सोमवारपासून आपल्या मिशनच्या बोर्डिंगात जेवणाची घंटा संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर होणार आहे. आधी प्रार्थना, मग ताट. कचेरीतल्या कारकुनाने काल दुपारी नव्या साहेबांच्या सहीचा कागद मला दाखवला, दोनदा वाचू दिला आणि माझ्यादेखत फळ्यावर लावला. "राज्य चाललंय ह्यांच्या हातचं, आन् घंटा बदलत बसल्यात," असं तो खिळा ठोकताना पुटपुटलाही. तेव्हा ही ऐकीव गोष्ट नव्हे. आधी काय घडलं ते लिही, मग ते कुणी सांगितलं ते लिही, आणि शेवटी जागा उरलीच तर रड, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्या देशातल्या मंडळींना जाणारा महिन्याचा वृत्तान्त गेली वीस वर्षं मी लिहिते, टपालाचा दिवस कधी चुकवला नाही. आज तो बाजूला सारला आहे. तुम्हाला कॅम्पातल्या दफनभूमीत ठेवून पंधरा वर्षं झाली, तरी आज लिहायचं आहे ते तुम्हालाच.

मी तुमच्या फाटकात उतरले तो आठवडा मला अजून जसाच्या तसा दिसतो. प्लेगने निपाणीकडचं आमचं घर आठ दिवसांत रिकामं केलं होतं. आई गेली, आप्पा गेले, शेवटी आज्जी. तंबाखूच्या गाडीवाल्याने मला पोत्यांवर बसवून बेळगावला आणलं आणि तुमच्या हवाली केलं. मी आठ वर्षांची. दुपारी पोटभर जेवले, पण संध्याकाळ झाली आणि पंचाईत झाली. आमच्या जैनांच्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं, त्याला अंथऊ म्हणायचं; दिवा लागला की तोंडात घास घालायचा नाही. तुमच्याकडे दिवे लागायचे, गाणं व्हायचं, लांबलचक प्रार्थना व्हायची आणि मग ताटं यायची. भाकरी, आमटी, कांद्याची फोड. मी हात पाठीमागे घेऊन बसले आहे. समोर स्वयंपाकीण आक्का उभी आहे, उचगावची, हातात पळी आणि तोंडात कायम कुणाची तरी खरडपट्टी.

"खा की गं."

"दिवा लागलाय. मी न्हाय खाणार."

"दिवा लागला म्हणून भाकरीचा दगड झाला व्हय?"

"दिस असताना दे. मग खातो."

तेवढ्यात तुम्ही आलात. तुमचं मराठी पुस्तकातलं, धुऊन इस्त्री केलेलं. "मुली, अन्नाचा अव्हेर करू नये. प्रथम प्रभूचे आभार, नंतर भोजन. येथे सर्वांना एकच नियम आहे." मी म्हणाले, "आभार मानतो की. पण जेवल्यावर. न जेवता कशाचं आभार मानायचं?" मागच्या रांगेतल्या मुली फिसकन हसल्या. तुमचे कान लाल झाले. हट्टी मुलीला उपाशी झोपावे लागेल, असं म्हणून तुम्ही माझं ताट उचलायला लावलंत. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी तर तुम्ही मला कचेरीत नेऊन उभं केलंत आणि सांगितलंत की तुझ्या आजीचा नेम या घरात चालणार नाही. मी तुमच्याकडे बघत म्हणाले, "आज्जी मेली. तिचं दुसरं काय न्हाय माझ्याकडं. येवढंच हाय." तुम्ही खिडकीकडे वळलात. तिकडे बघतच म्हणालात, "जा."

चौथ्या दिवशी घंटा साडेपाचलाच झाली. समोरच्या भिंतीवर ऊन होतं. आम्ही सगळ्या चक्रावून जेवणघरात गेलो तर ताटं मांडलेली, आणि तुम्ही दारात उभ्या. "दिव्याभोवती कीटक जमतात आणि अन्नात पडतात. यास्तव आजपासून भोजन उजेडात होईल, प्रार्थना नंतर." आक्काने पदर तोंडाला लावला आणि मला वाढता वाढता कानाशी म्हणाली, "अगं, तुझी आज्जी तरी येगळं काय सांगत होती?" खरंच होतं. किडामुंगी पोटात जाऊ नये, जीव मरू नये, हेच तर आज्जी सांगायची. तुम्हाला ते ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आपण हरलो असंही तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मी मात्र जिंकले असंच धरून चालले, आजतागायत.

गावात लोक म्हणतात, मिशनने भाकरी दाखवून पोरं बाटवली. मिशनची माणसं म्हणतात, आम्ही त्यांना अंधारातून उजेडात आणलं. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. मी सतराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, तो माझ्या मनाने आणि भरल्या पोटी. त्याआधी नऊ वर्षं रोज साडेपाचला जेवले आणि मग प्रार्थनेला बसले. मनात असेल तर म्हणायची, नसेल तर नुसती बसायची. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, आता नव्या साहेबांच्या तोंडावर म्हटलं.

मागच्या महिन्यात बेळगाव स्टेशनावरून एक पोर आणली. सहा वर्षांची असेल, नावगाव काही सांगत नाही. ताट दिसलं की डोळे गच्च मिटते, हात जोडते आणि काहीतरी पुटपुटत राहते. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "असं केलं की देत्यात." घंटा बदलायचं साहेबांनी काढलं तेव्हा हे मी त्यांना सांगितलं. ते वाईट मनुष्य नाहीत. त्यांनी मुलींच्या नोंदीचं पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाले, "सध्या बोर्डिंगात एकही जैन मुलगी नाही. मग साडेपाच कुणासाठी?"

"भूक लागलेल्यांसाठी."

"नियम सर्व बोर्डिंगांत एकच असावा, बाई."

"मग सगळीकडे साडेपाच करा."

त्यांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी कागद निघाला.

हे पत्र कुठे जायचं नाही. वृत्तान्ताच्या लिफाफ्यात ते बसणार नाही, आणि तुमच्या थडग्याच्या दगडाखाली ठेवायचा नाटकीपणा तुम्हालाच आवडला नसता. पिठाच्या डब्यामागे राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी आक्काने मरेपर्यंत सांगितली नाही आणि मीही नाही. तिसऱ्या रात्री मी जेवले होते, मिस्साहेब. आक्काने कोठीच्या अंधारात भाकरी हातावर ठेवली, ती मी सगळी खाल्ली आणि वर गूळ मागितला. चौथ्या दिवशी तुम्ही ज्या नेमापुढे माघार घेतलीत, तो आदल्या रात्रीच मोडला होता. उपाशी पोट काहीही सोडतं, आज्जीलासुद्धा, हे मला त्या रात्री कळलं. म्हणूनच उपाशी पोराच्या तोंडची प्रार्थना मला ऐकवत नाही.

घंटेची दोरी माझ्या खोलीच्या बाहेर आहे. सोमवारी साडेपाचला मी ती ओढणार. पावणेसहाला साहेबांचा शिपाई मला बोलवायला येईल. तोवर पोरींचं जेवण निम्मं झालेलं असेल.